गाण्याला कात्री लावताना

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली. तिने दाखवलेल्या पहिल्याच गाण्याचा आशय असा, की चित्रफितीने रेडिओवरच्या गायकाचा बळी घेतला! रेडिओवरूनच हे सांगताना मला मौज वाटते. पण चित्रफीत कधी कधी गाण्याचाच बळी घेते, त्याचं काय?

पुणेकरांना हे तंत्र परकं नाही. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून इथं आली. तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवायचं आणि नटाने ओठ जुळवायचे, हा रिवाज सर्वांच्या परिचयाचा. एकच कडवं दुरून, जवळून, बाजूने असं अनेकदा टिपतात. मग संकलकाची कात्री चालू लागते. मुखड्याला चेहरा, मधल्या वाद्यमेळाला नृत्य, नव्या अंतऱ्याला नवी जागा. आणि दृश्य बदलायचं ते शक्यतो ठोक्यावर. मिनिटाला १२० ठोके असले, तर सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने एका ठोक्याच्या वाट्याला १२ चौकटी येतात. संथ हालचालीची युक्ती तर गमतीची. गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, कॅमेराही दुप्पट वेगाने चालवतात. पडद्यावर अंग संथ हलतं, ओठ मात्र बरोबर जुळतात.

माझ्या एका मुळशीकडच्या विद्यार्थ्याने आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची चित्रफीत केली. हौसेने ढोलकीचा ठेका घातला आणि दर ठोक्याला दृश्य बदललं : जातं, बांगड्या, पीठ, पुन्हा जातं. आजीने पाहिलं आणि म्हणाली, "समदं झ्याक हाय रं बाळा, पर म्या दम कवा घेतला?"

पोरगा ओशाळला. ओळ संपली की बाई श्वास घेते, जात्यात मूठभर वैरण घालते आणि मग पुढची ओळ उचलते. ठेक्यात बसेना म्हणून ती गप्प जागा त्याने आवाजासकट कापली होती.

मी त्याला प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' पाहायला सांगितला. विष्णुपंत पागनीस स्वतःच्या गळ्याने गातात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव आपल्याला निवांत पाहता येतो. दुसऱ्या खेपेस विद्यार्थ्याने ठेका काढला. ओळ पुरी होईपर्यंत आजीचा चेहरा धरून ठेवला. दृश्यं कमी झाली, पण ओवी परत आली.

नाचाच्या गाण्याला भरभर कात्री शोभतेच. माझी तक्रार नाही. पण चित्रफीत करणाऱ्या तरुणांनी आधी एकदा डोळे मिटून गाणं ऐकावं आणि गाणारा श्वास कुठं घेतो, तिथं खूण करावी. तेवढी जागा सोडून कात्री चालवावी.