विहिरीवरील जुन्या वीजपेटीची नव्याने जोडणी
(बुलडाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



रब्बीच्या तोंडावर आपण मोटार, पाइप, फूटव्हॉल्व्ह तपासतो. विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीकडे मात्र ती बंद पडल्यावरच लक्ष जाते. गहू-हरभरा ऐन पाण्यावर असताना मोटार जळाली तर पाळी चुकते. ओल्या हाताने पेटीला स्पर्श झाला तर जिवावर बेतते. म्हणून जुनी पेटी ठिगळे न लावता एकदाच पूर्ण नव्याने जोडून घ्यावी.

प्रथम प्रत्येक भागाचे काम समजून घ्या. ५ अश्वशक्तीची थ्री फेज मोटार सुमारे ७.५ ॲम्पिअर प्रवाह घेते. सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट घेते. फ्यूजने हा झटका सोसावा, पण शॉर्टसर्किट होताच वितळावे. त्याजागी जाड तार बांधली की फ्यूज उरत नाही; मग केबल किंवा मोटार जळते. थोडा जास्त भार ओळखणे हे स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेचे काम आहे. तो मोटारीच्या पाटीवरील ॲम्पिअरवर लावावा. तीनपैकी एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजमधून जादा प्रवाह जाऊन वाइंडिंग जळते. त्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवा.

जोडणी करताना पुढील काळजी घ्यावी :

१. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकांत वीज असते. तो बदलायचा असल्यास महावितरणच्या कर्मचाऱ्याकडून पुरवठा तोडून घ्यावा. डीपीवर स्वतः चढू नये.

२. ऑटोस्विचमुळे वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. म्हणून तिन्ही फ्यूजच्या पकडी काढून काम संपेपर्यंत स्वतःजवळ ठेवाव्यात. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नये.

३. काळी पडलेली टोके कापून नवीन लग बसवावेत. तारा पिळून पट्टी गुंडाळलेले जोड पेटीत ठेवू नयेत. केबलच्या छिद्रांना रबरी ग्रोमेट लावावे, म्हणजे पत्र्याने आवरण कापले जात नाही व पाल-उंदीर शिरत नाहीत.

४. पेटी व मोटार यांना दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व अर्थिंगचा मातीशी संबंध तुटतो. म्हणून कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

५. पेटी जमिनीपासून उंच, पावसापासून आडोशाला बसवावी. समोर कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट ठेवावी.

काम झाल्यावर तिन्ही फेजचा प्रवाह टाँगटेस्टरने मोजून पेटीच्या दारावर लिहून ठेवावा. पुढे त्यात फरक पडला की दोष वेळीच कळेल. फ्यूज वारंवार जाऊ लागला तर जाड तार शोधू नका, कारण शोधा.