एलियनना आपली भाषा कळेल का?



'विज्ञान आणि आपण' हा मला दिलेला विषय एवढा मोठा आहे, की त्यावर बोलायला गेलो तर उपदेशच होईल. म्हणून फक्त एका पॉडकास्टबद्दल बोलतो.

डॅनियल व्हाइटसन हे अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरवरच्या संशोधनात ते असतात. २०१८मध्ये व्यंगचित्रकार जॉर्ज चॅम यांच्याबरोबर त्यांनी पॉडकास्ट सुरू केला, पुढे जीवशास्त्रज्ञ केली वाइनरस्मिथ यांच्याबरोबर नवा काढला. कृष्णविवराच्या आत काय असतं, काळ उलटा वाहील का, एलियन असतील का, असे सगळे प्रश्न.

त्यांची एक पद्धत मला फार आवडते. विषयाला हात घालण्याआधी तोच प्रश्न ते साध्या लोकांना विचारतात. गूगल करायचं नाही, मनात येईल ते सांगायचं. ती उत्तरं, चुकलेलीसुद्धा, कार्यक्रमात ऐकवतात आणि कुणाची टर उडवत नाहीत. बऱ्याचदा शेवटी कळतं, की खरं उत्तर अजून कुणाकडेच नाही. आपल्याकडे मात्र, घरात काय आणि वर्गात काय, प्रश्न विचारणाऱ्याला आधी त्याचा हेतू विचारतात. मुलगी असेल तर जरा जास्तच.

व्हाइटसन यांनी अँडी वॉर्नर यांच्याबरोबर २०२५मध्ये एक पुस्तक काढलं, 'डू एलियन्स स्पीक फिजिक्स?' प्रश्न असा, की एलियन भेटलेच तर त्यांचं गणित आणि भौतिकशास्त्र आपल्यासारखंच असेल का? आपण ते गृहीत धरून चालतो. पण एक, दोन, तीन मोजणं ही विश्वाची गरज आहे की आपल्या मेंदूची सवय?

हे गृहीतक आपण अवकाशात पाठवलंही आहे. १९७७मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत. मराठी आहे, उर्दू आहे, अरबीही आहे. उर्दूतला निरोप 'अस्सलामु अलैकुम'ने सुरू होतो. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. म्हणजे इथे मराठी आणि उर्दूवरून आपले वाद चालू असताना दोन्ही भाषा एकाच तबकडीवर बसून सूर्यमालेच्या पार निघाल्या आहेत. व्हॉयेजर १ आज २४ अब्ज किलोमीटरपेक्षा दूर आहे.

तबकडी कशी वाजवायची ते वेष्टनावर चित्रांत कोरलंय. वेळेचं माप हायड्रोजनच्या अणूवरून घेतलंय, कारण हायड्रोजन सगळीकडे सापडतो. कल्पना सुंदर आहे. पण माझ्यातला सॉफ्टवेअरवाला इथे कुरकुरतो. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फाइली आठवा. फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की अख्खं निमंत्रणपत्र इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचं. फाइल शाबूत, वाचणारा मराठी, तरी बोंब. चित्रातल्या बाणाचा अर्थ 'इकडून तिकडे' असा होतो, हेसुद्धा कुणीतरी आधी सांगावं लागतं. माणसांनीच लिहिलेली सिंधू लिपी आपल्याला अजून वाचता आलेली नाही. इजिप्तची चित्रलिपी उलगडायला रोझेटाचा शिलालेख सापडावा लागला, कारण त्यावर तोच मजकूर ग्रीकमध्येही होता. एलियनबरोबर असा शिलालेख कुठून आणणार?

एलियनचा विषय निघाला, की व्हॉट्सअॅपवर एक आयत फिरू लागते. सूरह अश-शूरामध्ये आकाशांत आणि जमिनीवर पसरवलेल्या जीवांचा उल्लेख आहे, म्हणजे आम्हाला हे आधीच माहीत होतं, असा सूर. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण दुर्बीण कुठल्या ताऱ्याकडे वळवायची हे त्या फॉरवर्डमधून कळत नाही, आणि तो पाठवणारा बहुतेक वेळा पुढचा प्रश्नही विचारत नाही.

आपल्याच परंपरेत पुढचा प्रश्न विचारणारे होते. हजारेक वर्षांपूर्वी अल-बिरुनी आणि इब्न सिना यांच्यात पत्रव्यवहार झाला. दोघेही तेव्हा तरुण, तुमच्याच वयाचे म्हणा. या जगापलीकडे दुसरं जग असूच शकत नाही, असं अ‍ॅरिस्टॉटलने म्हटलं होतं. ते कशावरून, असं बिरुनीने विचारलं. इब्न सिनाने अ‍ॅरिस्टॉटलची बाजू घेतली, आणि पत्रांत चांगलीच खडाजंगी झाली. हाच बिरुनी पुढे हिंदुस्थान समजून घेण्यासाठी संस्कृत शिकला. दुसऱ्याची भाषा शिकल्याशिवाय त्याचं गणित कळत नाही, हे त्याला आपल्या व्हाइटसनसाहेबांच्या फार आधी उमगलं होतं.

आणि हे सगळं अमेरिकेतच चालतं असं समजू नका. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी त्या ऐकू शकतात. फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला खुली असते. आपल्या गटाने एक गाडी करून जावं असं मला वाटतं. धाकट्या बहिणींनाही घेऊ.

आता मी थांबतो आणि व्हाइटसन यांची पद्धत वापरतो. मोबाइल खिशात ठेवा. कुठलीच भाषा ठाऊक नसलेल्या कुणाला तुम्ही 'सलाम' कसा पोचवाल? मागच्या रांगेपासून सुरू करू.