कमान आणि टाकी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. सभेत उभे राहण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. हळदीकुंकवाला नाव घेतानासुद्धा माझा घसा कोरडा पडतो. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

घसा कोरडा म्हटले म्हणून आठवले. सन २०१६ चा उन्हाळा आपण लातूरच्या बायका विसरू म्हटले तरी विसरणार नाही. मांजरा धरण आटले. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली. मग एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची आगगाडी आली; पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. माझी थोरली तेव्हा आठ वर्षांची. रात्री टँकर आला की तिला झोपेतून उठवून घागरींच्या रांगेत उभी करायची. पोर उभ्या उभ्या पेंगायची.

त्याच वर्षी, २४ डिसेंबरला, मुंबईच्या समुद्रात शिवस्मारकाचे जलपूजन झाले. खर्च ३,६०० कोटी रुपयांचा धरला होता. कोणी रागावू नका. महाराजांपुढे माझी मान लवते, तुमची लवते तशीच. पण ज्या वर्षी आम्ही घोटभर पाण्यासाठी रात्री जागलो, त्या वर्षी पाण्याची पूजा झाली ती खाऱ्या पाण्याची, हे माझ्या मनातून जात नाही. मुलीचे एक पुस्तक चाळताना मी वाचले, की रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ला बांधण्यापूर्वी पाण्याची सोय पाहायला सांगितले आहे. पाणी नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करायची. म्हणजे बुरूज नंतर, पाणी आधी. त्या काळच्या कारभाऱ्यांना हे उमगले होते.

आमच्या घरचे म्हणतात, "मोठ्यांच्या कारभारात तू कशाला तोंड घालतेस?" बरे, नाही घालत. आपल्याच कारभाराचे बोलते.

गेल्या वर्षी आपण मुलींच्या शाळेला कमान बांधून दिली. एक्कावन्न हजार रुपये गेले. त्यात माझे पाचशे एक आहेत. पाटीवर माझे नाव आहे, आणि खोटे कशाला बोलू, त्या पाटीपाशी उभे राहून मी फोटोसुद्धा काढून घेतला. माहेरी पाठवला.

माझी धाकटी त्याच शाळेत आठवीत आहे. रोज दुपारी डोके दुखते म्हणून घरी यायची. महिन्यातले चार दिवस तर पोट दुखते म्हणून जायचीच नाही. मी तिला बोल लावले, अभ्यासाचा कंटाळा म्हटले, एकदा हातही उगारला. मग एके दिवशी रडत रडत म्हणाली, "आई, संडासात पाणी नसतं. टाकी फुटली आहे. म्हणून मी दिवसभर पाणी पीतच नाही." ज्या कमानीखालून ती रोज आत जाते, तिच्यावर तिच्या आईचे नाव! मला त्या रात्री जेवण गेले नाही.

टाकी फुटल्याला दोन वर्षे झाली होती. म्हणजे आपण कमान बांधत होतो तेव्हा ती फुटलेलीच होती. आपल्यापैकी एकीनेही मागच्या अंगाला जाऊन पाहिले नाही, मीही नाही. कमान रस्त्यावरून दिसते. संडासाच्या टाकीचे उद्घाटन करायला कोणता पाहुणा येणार, आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलावणार?

यंदा कमानीला संगमरवर आणि दिवे लावायचे घाटते आहे. मी नळवाल्याला विचारून आले. हजार लिटरची टाकी, पत्र्यावरचे पावसाचे पाणी उतरवायला पन्हळी, नळ आणि मजुरी धरून एकोणीस हजार सांगतो. घासाघीस केली तर थोडे उतरेल. आपल्या खजिनदारबाईंना बरोबर न्यावे, त्या भाजीवाल्याला रडवतात!

एक मैत्रीण मला म्हणाली, ते काम सरकारचे आहे. आहेच. शाळेने अर्जही केलेला आहे. तो मंजूर होईल तेव्हा होईल. माझ्या मुलीची आठवी त्याच्यासाठी थांबायची नाही.

गुरुवारच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. माझे यंदाचे पाचशे एक आजच टाकीच्या खात्यात लिहून घ्या. त्यावर नाव घालू नका.