घरचा कचरा, घरचीच जबाबदारी



आजचा आपला विषय मोठ्या विद्वत्तेचा नाही. घरातल्या कचऱ्याचा आणि पन्नीचा आहे. परंतु आपल्या समाजाचा या विषयाशी असलेला संबंध जुना आणि दुःखाचा आहे. गावाची घाण काढणे आणि मेलेली गुरे ओढणे ही कामे जातीने काही माणसांच्या माथी मारली होती. ती सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. आपण शिकलो, नोकरीला लागलो, पक्क्या घरात राहू लागलो. पण कचरा निवडणारे हात आजही बहुतेक दलितांचे आणि गरिबांचेच आहेत. उष्टे अन्न, फुटलेली काच, दाढीचे ब्लेड आणि वापरलेले पॅड आपण एकाच पन्नीत भरून गाठ मारतो. ती गाठ पुढे कोणीतरी हाताने सोडतो. समतेची भाषा बोलणाऱ्या घराने हा विचार आधी केला पाहिजे.

आपल्या नागपूरचा कचरा वर्षानुवर्षे भांडेवाडीला जाऊन पडला. ओला कचरा ढिगात हवेवाचून कुजला की त्यातून पेट घेणारा मिथेन वायू निघतो. उन्हाळ्यात तिथे लागलेल्या आगीच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्या धुराचा त्रास आसपासच्या वस्त्यांना होतो.

पन्नीची गोष्ट निराळी. ती कुजत नाही, नाल्यात अडकते. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पन्नीने तुंबलेल्या नाल्यांनी संकट वाढवले. त्यानंतर महाराष्ट्रात 2006 साली कायदा झाला, मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तू देशभर बंद झाल्या. तरी भाजीबाजारात पन्नी मिळतेच, कारण आपण रिकाम्या हाताने जातो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. आनंद स्थविरांना पुष्कळ चीवरे दान मिळाली, तेव्हा उदेन राजाने विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ते म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. जुन्या चीवरांच्या चादरी करू, जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, खोळींची बिछायत, तिची पायपुसणी, पायपुसण्यांचे झाडण आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन सारवू. काहीही वाया घालवायचे नाही, ही शिस्त आपल्याला आजची नाही.

आता घरात काय करावे? आमच्या घरी दोन बादल्या आहेत, एक ओल्याची, एक सुक्याची. पॅड, ब्लेड आणि संपलेली औषधे कागदात गुंडाळून, खूण करून वेगळी देतो. 2016 च्या नियमांनी घरातच कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. भाजीची देठे आणि संत्र्याची साले भोके पाडलेल्या जुन्या माठात टाकतो, वर वाळका पाला पसरतो. नागपूरच्या उन्हात माठ लवकर सुकतो, म्हणून पाणी शिंपडावे लागते. दोन-तीन महिन्यांत कुंड्यांपुरते खत होते. कापडी थैली दाराच्या खुंटीलाच असते. सावजी रस्सा आणायचा तर स्टीलचा डबा नेतो. धुतलेल्या कोरड्या पन्न्या आणि बाटल्या कबाडीवाल्याकडे जातात. पन्नी जाळत मात्र नाही, कारण तो धूर विषारी असतो.

हे काम एकट्या आईच्या डोक्यावर टाकू नका. बादली बापाने उचलावी, माठ मुलांनी सांभाळावा.

कचरा वेचणाऱ्यांचा मानही राखला पाहिजे. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे 2008 मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि वेचक महिला दारोदार कचरा गोळा करू लागल्या. आपल्या दारी येणाऱ्या ताईंना नावाने हाक मारावी, प्यायला पाणी विचारावे.

शेवटी समाजाचा प्रश्न. 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण मनापासून भोजनदान करतो. ते पळसाच्या पत्रावळीवर किंवा स्टीलच्या ताटात करावे. पाण्याच्या पाऊचऐवजी पिंप आणि पेले ठेवावेत. जेवण संपल्यावर जागा झाडूनच उठावे. विद्यार्थ्यांनी यासाठी प्रत्येक वस्तीत एक पथक करावे, अशी आमची विनंती आहे.