भजन जप्त कसं करणार?

मी रायपूरहून बोलतोय. इथलं मध्यवर्ती कारागृह माझ्या रोजच्या वाटेवर आहे. १९४२ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज या शहरात कैदेत होते, हे मला मात्र पन्नाशी उलटल्यावर कळलं!

२८ ऑगस्ट १९४२ ला त्यांना चंद्रपूरला अटक झाली. आधी नागपूरच्या तुरुंगात ठेवलं, मग रायपूरच्या. चंद्रपूरचा कैदी इतक्या लांब कसा? तर तेव्हा हा सगळा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. २ डिसेंबरला त्यांची सुटका झाली.

आता, खंजिरी वाजवून भजनं म्हणणाऱ्या माणसाला सरकार इतकं का घाबरलं?

गाण्यांची धास्ती सरकारला आधीपासून होतीच. १९०९ मध्ये कवी गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण ते छापील पुस्तक होतं. पुस्तक जप्त करता येतं. तुकडोजींचं काम वेगळ्याच रीतीनं चालायचं. भजनात एकजण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. पुन्हा तीच ओळ, पुन्हा ठेका. अक्षरओळख नसलेला माणूसही उठून घरी जाताना दोन कडवी पाठ घेऊन जातो. विदर्भातल्या खेड्यांना ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. महाराजांनी चाल आणि बैठक तीच ठेवली, देवाच्या शेजारी देश आणून बसवला. मराठीत आणि हिंदीतही. पाठ झालेलं भजन कुठल्या कपाटातून जप्त करणार? म्हणून मग गाणाऱ्यालाच उचललं.

१६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. (आडनाव वाचून मी क्षणभर थबकलो होतो.) नंतर भडकलेल्या जमावानं सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. हे सगळं भजनांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. 'चले जाव'ची हाक होती, पुढाऱ्यांची धरपकड झाली होती. पण गाण्यांनी लोक जागे झाले हे आपण अभिमानानं सांगतो ना, मग त्या दिवसाची ही दुसरी बाजूही सांगायला हवी. ती गाळून चिमूर सांगणं मला पटत नाही.

आमच्याकडे पंधरा ऑगस्टला देशभक्तिपर गीतांचा कार्यक्रम असतो. कराओके ट्रॅक, माईक, एक गायक. छान गातात हो! समोरचे दीडशे लोक मोबाईलवर चित्रण करतात. तोंड एकाचंही हलत नाही, माझंसुद्धा.

यंदा निदान एक गाणं ट्रॅकशिवाय घ्यायचं ठरवलंय. एकानं म्हणायचं, सगळ्यांनी उचलायचं. खंजिरी अमरावतीहून मागवली आहे. ती वाजवता येणारं रायपुरात कोणी असेल तर कळवा, अजून सापडलेलं नाही.