घड्याळातला आकडा आणि ईसीजीची पट्टी



आपल्या डॉक्टरांच्या संघटनेचे प्रश्न, नवे नियम, दवाखान्यांवरचे हल्ले यांवर अध्यक्षाने बोलावं असा प्रघात आहे. त्यांवरचे ठराव दुपारच्या सत्रात येणारच आहेत. मी मात्र आज एका आकड्याबद्दल बोलणार आहे, कारण अलीकडे तो आपल्या सगळ्यांच्याच टेबलावर येऊन पडतो. चाळिशीतला, प्रकृतीने ठणठणीत माणूस मोबाइल पुढे सरकवतो आणि विचारतो, "डॉक्टर, माझी एचआरव्ही अठ्ठावीस दाखवतंय. आमच्या ऑफिसातल्या एकाची सत्तर आहे. अँजिओग्राफी करून घेऊ का?"

"ते घड्याळ आधी काढून ठेवा" असं सांगून आपण पुढचा पेशंट आत बोलावतो. गर्दीच्या दिवशी ते समजण्यासारखं आहे, पण त्या माणसाचं समाधान होत नाही. तो घरी जाऊन यूट्यूबला विचारतो.

मूळ गोष्ट आपण सगळे पहिल्या वर्षाला शिकलो आहोत. नाडी मिनिटाला ६० असली, तरी प्रत्येक ठोका नेमका एका सेकंदाने पडत नाही. एक अंतर ९६० मिलिसेकंदांचं, पुढचं १०३०, त्याच्या पुढचं ९९०. या चढउतारालाच एचआरव्ही म्हणतात. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. व्हेगसने लगाम खेचला तर परिणाम पुढच्या एकदोन ठोक्यांतच दिसतो. सिंपथेटिकला त्यासाठी काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्यागणिक होणारा हा चढउतार म्हणजे प्रामुख्याने व्हेगसचं काम. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. ते पेशंट स्वस्थ पडून असतानाही मिनिटाला ९०-१००च्या आसपास चालतं आणि ठोक्यांमधली अंतरं जवळजवळ एकसारखी येतात. या विषयाचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

श्वासाबरोबर होणारा हा बदल कार्ल लुडविगने १८४७ मध्ये कायमोग्राफवर टिपला होता. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला साप, बेडूक आणि हंस यांच्या उपमा दिल्या आहेत. ते निरीक्षण सुंदर आहे, पण त्यावरून "आपल्याकडे एचआरव्ही आधीपासून होतीच" असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्यांत आपण तरी सामील होऊ नये. १९६३ मध्ये हॉन आणि ली यांनी दाखवलं की गर्भ संकटात असताना हृदयाची गती बदलण्याआधी ठोक्यांमधल्या अंतरांतला चढउतार बदलतो. १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅटॅकनंतरच्या ८०८ रुग्णांचं चोवीस तासांचं होल्टर तपासलं. ज्यांची एसडीएनएन, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरांचं प्रमाण विचलन, ५० मिलिसेकंदांच्या खाली होती, त्यांच्या मृत्यूचा धोका १००च्या वर असलेल्यांपेक्षा पाचपटीहून जास्त निघाला. आता हे आकडे कुणाचे आहेत बघा. नुकताच अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांचे, आणि तेही पूर्ण दिवसाच्या नोंदीचे. सोफ्यावर बसलेल्या धडधाकट माणसाच्या मिनिटभराच्या नोंदीला ते लावता येत नाहीत.

तेव्हा त्या चाळिशीतल्या माणसाला काय सांगायचं? पहिली गोष्ट, ऑफिसातल्या माणसाशी तुलना बंद. अ‍ॅपलचं घड्याळ एसडीएनएन दाखवतं, तर ओराची अंगठी झोपेतली आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांवरून काढलेला आकडा. ही दोन वेगळी गणितं आहेत. शिवाय वय वाढतं तसा आकडा उतरतो आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतही तो दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो. मनगटावरचा हिरवा प्रकाश ईसीजी काढत नाही, रक्ताच्या लाटेवरून अंदाज बांधतो. हात हलला की अंदाज चुकतो. एखादा एक्टोपिक ठोका मध्ये आला तर आकडा उगाच फुगतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तर तो झकास दिसतो, आणि पेशंट खुशीत असतो!

उपयोग आहे तो स्वतःचीच स्वतःशी तुलना करण्यात. रोज सकाळी उठण्याआधी, त्याच स्थितीत, काही आठवडे मोजलं की आपली नेहमीची पातळी कळते. जागरण, दारू, ताप, अंगाबाहेरचा व्यायाम यांनी आकडा त्या पातळीखाली घसरतो. दोन-तीन दिवस घसरलेला राहिला आणि विश्रांतीची नाडीही वाढलेली असली, तर मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने त्या दिवशी धावू नये, इतकं शहाणपण त्यातून नक्की मिळतं. ब्लॉकेज आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. घड्याळ दाखवतं त्या 'स्ट्रेस स्कोअर'वर माझा तर फारसा विश्वास नाही.

पण माझी खरी तक्रार घड्याळाबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. ज्याला या मोजमापाची फारशी गरज नाही तो हजारो रुपये देऊन ते विकत घेतो. आणि ज्याला गरज आहे तो मधुमेही पेशंट आपल्यासमोर बसलेला असतो आणि आपण शुगर बघून त्याला पाठवून देतो. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्यातल्या ज्यांच्या स्वायत्त नसा बिघडल्या आहेत, त्यांना अ‍ॅटॅक आला तरी छातीत दुखतच नाही, असं होऊ शकतं. उभं राहिल्यावर बीपी कोसळतं. भूल देताना धोका वाढतो.

एडिंबरोच्या इविंग आणि क्लार्क यांनी रुळवलेली तपासणी आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात होऊ शकते. पेशंटला थोडा वेळ शांत पडू द्या. लीड टू लावा, पट्टी नेहमीच्या वेगाने सोडा. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असे मिनिटात सहा श्वास. (हा वेग परका नाही. 'ओम मणि पद्मे हुम्'चा जप आणि लॅटिनमधली जपमाळ, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असं २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्डींच्या गटाने दाखवलं.) मग पट्टीवर बारीक चौकोन मोजा. श्वास सोडतानाचं सर्वांत लांब अंतर २५ चौकोन आलं, तर १५०० भागिले २५, म्हणजे ६०. घेतानाचं सर्वांत कमी २० आलं, तर ७५. फरक १५. सहाही श्वासांची सरासरी काढा. १५ किंवा जास्त असेल तर ठीक, १० किंवा कमी असेल तर बिघाड. उतारवयात हाच निकष थोडा सैल धरायचा. बावीस आणि एकवीस चौकोन अशी पट्टी हातात आली, की फरक जेमतेम ३चा असतो. तो पेशंट "पित्त झालंय, घाम येतोय" म्हणत आला तर त्याला अँटासिड देऊन घरी पाठवायचं नाही, आधी ईसीजी काढायचा.

खर्च पाचेक फूट कागदाचा आणि आपल्या पाच मिनिटांचा. वर्षातून एकदा, पायाची तपासणी करतो त्याच भेटीत हे करावं, असा माझा आग्रह आहे. ठराव म्हणून तो दुपारी मांडणारही आहे.

संयोजकांना सांगून शेजारच्या दालनात एक ईसीजी मशीन आणि दोन खाटा ठेवल्या आहेत. आपल्यातही मधुमेही कमी नाहीत. त्यांनी जेवणाआधीच तिकडे यावं, बीटा-ब्लॉकर चालू असेल तर तसं सांगावं, आणि मधल्या सुट्टीतला चहा तेवढा सोडावा.