जिभेखालच्या गोळीचा हिशेब



पुण्या-मुंबईत गर्द नावाच्या नशेनं घरंच्या घरं धुऊन नेली, ते दिवस या सभागृहातल्या अनेकांना आठवत असतील. अनिल अवचटांचं ‘गर्द’ हे पुस्तक आणि पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र त्याच काळातलं, १९८६ सालचं. गर्द, अफू, मॉर्फिन, डॉक्टरांनी दुखण्यावर लिहून दिलेल्या काही जबर गोळ्या, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. या कुळाच्या व्यसनावर एक औषध आहे, ब्युप्रेनॉर्फिन. नेमानं घेतलं तर तलफ शमते, अंग मोडून येत नाही, माणूस कामावर जाऊ लागतो. ही उपचारपद्धती घेत राहणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, हे अनेक देशांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

अमेरिकेत २०२२ या एका वर्षात नशेच्या अतिमात्रेनं एक लाखाच्या वर माणसं गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात याच कुळातलं काहीतरी होतं. औषध हाताशी असलेल्या देशात हे का घडावं? कारणं पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकाबद्दलच आज बोलणार आहे: औषधाचे पैसे. आपल्या गावातल्या कित्येकांची मुलं-सुना तिकडे आहेत, म्हणून हा विषय फार दूरचाही नाही.

मुळात हे औषध जुनं आहे. इंग्लंडमधल्या हल शहरात, १९६६ साली, रेकिट अँड कोलमन या कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. होय, डेटॉलवाली रेकिट. अमेरिकेत व्यसनावरचं औषध म्हणून त्याला २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा मूळ पेटंट केव्हाच संपलेलं होतं. पण ‘विक्रीतून खर्च भरून निघणार नाही असं औषध’ या सवलतीखाली कंपनीला सात वर्षांची मक्तेदारी मिळाली. ‘सुबॉक्सोन’ या नावानं नारिंगी, षट्कोनी गोळी बाजारात आली. त्यात नॅलॉक्सोन नावाचं दुसरं औषध मिसळलेलं असतं. गोळी विरघळवून कुणी शिरेतून टोचून घेतली, तर नशा न होता उलट त्रास व्हावा, हा त्याचा हेतू.

सात वर्षं २००९ साली संपली. आता इतर कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या येणार हे दिसत होतं. २०१० साली कंपनीनं तेच औषध पातळ पट्टीच्या रूपात आणलं आणि त्या पट्टीवर नवी पेटंटं घेतली. मग गोळीमुळे लहान मुलांना धोका आहे असं सांगत २०१२ साली गोळी मागे घेण्याची घोषणा केली आणि इतरांच्या गोळ्यांनाही परवानगी देऊ नका, असा अर्ज सरकारी औषध नियामकाकडे केला. नियामकानं २०१३च्या फेब्रुवारीत तो अर्ज फेटाळला आणि स्वस्त गोळ्यांना मंजुरी दिली. पण तोवर डॉक्टरांच्या हाताला पट्टी लिहायचं वळण पडून गेलं होतं.

पट्टीची स्वस्त आवृत्ती यायला २०१९ उजाडावं लागलं. ती आणणाऱ्यांत आपल्या हैदराबादची डॉ. रेड्डीज होती. २०१८ सालीच तिला परवानगी मिळाली होती, पण कोर्टाच्या मनाईमुळे माल महिनोन्‌महिने अडकून पडला. त्याच २०१९ साली, या औषधाच्या विक्रीवरून, रेकिटनं अमेरिकन सरकारशी १४० कोटी डॉलर्सची तडजोड केली, गुन्हा मान्य न करता. तिच्यातून वेगळ्या झालेल्या इंडिव्हिअरच्या एका उपकंपनीनं २०२० साली कोर्टात गुन्हा कबूल केला. लहान मुलांच्या सुरक्षिततेबद्दल एका राज्याच्या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेला खोटी माहिती दिल्याचा तो गुन्हा होता. मुलांच्या जिवाची काळजी पुढे करून मोठ्यांचं औषध महाग ठेवणं, याला मी अनीतीच म्हणेन.

हा इतिहास सांगितला, कारण पैसे वाचवण्याची पहिली वाट त्यातूनच निघते. तिकडे चिठ्ठी लिहून घेताना डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, ‘पट्टीऐवजी साधी जेनेरिक गोळी चालेल का?’ बहुतेकांना चालते. औषध तेच असतं, रूप आणि वेष्टन बदलतं.

दुसरी वाट दुकानाच्या काउंटरवर. तीच गोळी, तीच मात्रा, एकाच गावातल्या दोन दुकानांत दुप्पट-तिप्पट फरकानं मिळू शकते. म्हणून आधी दोन-चार ठिकाणी फोन करावेत. सवलतीची कूपनं फुकट मिळतात, आणि कित्येकदा कूपन दाखवून रोख घेतलेलं औषध विम्यातल्या आपल्या वाट्यापेक्षाही स्वस्त पडतं. एके काळी हे गिऱ्हाइकाला सांगायला दुकानदाराला करारानंच बंदी असे. ती तोंडबंदी २०१८ साली कायद्यानं उठवली. तरी दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. ‘विमा न लावता किती?’ हा प्रश्न तुम्हीच विचारायचा. नोकरीतून मिळालेल्या विम्यात तर बऱ्याचदा जानेवारीत हिशेब नव्यानं सुरू होतो, ठरावीक रक्कम स्वतः भरल्याशिवाय विमा हात लावत नाही. डिसेंबरात सहज परवडणारं औषध जानेवारीत डोळे पांढरे करतं. त्याची तजवीज आधी हवी.

कंपनीचं सवलत कार्ड घेताना जपून. ते महागड्या ब्रँडवरच चालतं आणि सरकारी विमा असलेल्यांना वापरता येत नाही. कमी उत्पन्न असेल तर सरकारी मेडिकेड योजनेत हे औषध मिळतं, २०२० पासून तसं बंधनच आहे. शिवाय सामुदायिक आरोग्य केंद्रं उत्पन्न बघून फी घेतात. तिथली फीही विचारा, कारण अनेकांच्या बाबतीत गोळीपेक्षा डॉक्टरांच्या भेटी आणि लघवीच्या तपासण्या यांचंच बिल मोठं निघतं.

आता ज्या बचतीची मला मनापासून भीती वाटते ती सांगतो. पैसे पुरत नाहीत म्हणून घरचे गोळीचे दोन तुकडे करतात. अर्धी आज, अर्धी उद्या. किंवा ‘बरा दिसतोय, आता बंद करू’ म्हणतात. ही गोळी जिभेखाली ठेवून, न बोलता, पाच-दहा मिनिटं पूर्ण विरघळू द्यावी लागते. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच संपतं. आधीच अशी नाजूक गोष्ट, त्यात मात्रा निम्मी केली की तलफ पुन्हा डोकं वर काढते. औषध सुटलं की काही दिवसांत शरीराची जुनी सहनशक्ती उतरते, आणि त्या अवस्थेत जुन्याच मापानं घेतलेली नशा जीव घेते. वाचवलेले डॉलर किती आणि गेलेलं काय, याचा हिशेब त्या घरानं कुणाला सांगायचा? मधुमेहाचं इन्सुलिन परवडत नाही म्हणून निम्मं टोचा, असं आपण कुणाला सांगत नाही.

आपल्याकडे प्रश्नाचं रूप वेगळं आहे. केंद्र सरकारनं ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे २ कोटी २६ लाख माणसं या कुळातले पदार्थ घेतात. गोळी इथे साध्या मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, मान्यताप्राप्त केंद्रांतूनच दिली जाते. शिरेतून नशा घेणाऱ्यांसाठी ‘नॅको’ची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, केंद्रं आहेत, काही सरकारी रुग्णालयांत उपचार केंद्रं आहेत, आणि तिथे औषध मोफत आहे. पंजाबनं २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांचं जाळं विणलं. तरीही घरची माणसं दागिने गहाण टाकून खाजगी केंद्रात पैसे भरतात, कारण सरकारी केंद्र जवळ कुठे आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि लाजेनं ती विचारतही नाहीत.

तेव्हा मंडळी, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. खर्च झेपत नसेल तर गोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. आणि केंद्राचा पत्ता हवा असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करायचा. त्या फोनला पैसे पडत नाहीत.